क्लच माझा, गिअर तिचा

आमच्या घरी गाडी चालवायला दोन माणसं लागतात. ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितली की लोक आधी हसतात आणि मग आमच्या मागच्या सीटवर बसायला नाही म्हणतात.

पण खरं ते खरं. स्टिअरिंग माझं, ब्रेक माझा, क्लच माझा, हॉर्न तर माझाच. गिअर मात्र बायकोचा. साधना डाव्या सीटवर बसते, मी क्लच दाबतो, ती गिअर टाकते. मी सांगत नाही, ती विचारत नाही. झालं असं की गाडी नवी असतानाच एका वर्षी माझा डावा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, फ्रोजन शोल्डर. भर मे महिन्यात, अमरावतीच्या उन्हात, काहीतरी गोठावं आणि ते नेमकं माझा खांदा असावं, हे माझ्या नशिबाला धरूनच होतं. त्याच आठवड्यात अकोल्याला साळ्याच्या घरी लग्न. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. साधना म्हणाली, "घरी गाडी असून एसटीनं जाचं? लोक काय म्हणतीन? तुमी पाय चालवा, हाताचं मी पाहीन."

खांदा दिवाळीपर्यंत सुटला. गिअर काही माझ्याकडे परत आला नाही. मी मागितला नाही, तिनं दिला नाही.

आणि सांगतो, तिच्यासारखा गिअर टाकणारं माणूस अख्ख्या अमरावती जिल्ह्यात नसेल. लायसन नाही, स्टिअरिंगला कधी बोट लावलं नाही, पण इंजिनाचा आवाज तिला माझ्या आवाजापेक्षा जास्त समजतो. चढ यायच्या आधी हात दांड्यावर. मला उशीर झाला तर म्हणते, "दाबा." बस, एकच शब्द. एवढं कमी बोलून एवढं काम आमच्या संसारात दुसरं कोणतंच झालं नाही.

भांडणाचंही तसंच. आमचं भांडण झालं की बोलणं बंद होतं, गिअर बंद होत नाही. तोंड खिडकीकडे, हात दांड्यावर. अकोल्याला निघालो की बडनेऱ्यापर्यंत पूर्ण अबोला, लोणी आली की "दाबा", आणि मूर्तिजापूर येईस्तोवर "चहा घेता का?" आमची सगळी मोठी भांडणं या रस्त्यानंच मिटवली आहेत. रस्ता चौपदरी झाला तेव्हा सगळे खूश होते, मला मात्र काळजी वाटली होती, की आता अकोला लवकर येईल आणि भांडण अर्धंच मिटेल.

तर ही गाडी म्हातारी झाली. सरकारी हिशेबानं तिची पंधरा वर्षं भरत आली होती आणि खालचा पत्रा असा गंजला होता की साधनाच्या पायाखाली रस्ता दिसायचा. ती म्हणायची, "बरं आहे, कुठवर आलो ते समजते." पण मिस्त्रीनं हात टेकले. हिचं पुन्हा पासिंग होणार नाही म्हणाला.

मी नुकताच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो होतो. जन्मभर पांढरा शर्ट घातला, पांढरी गाडी चालवली आणि पांढऱ्या कागदावर 'सादर' असं लिहिलं. आता जे करायचं ते मनासारखं, असं ठरवून मी जेवताना जाहीर केलं, की आपण स्पोर्ट्स कार घेणार. लाल.

"स्पोर्ट?" साधना म्हणाली. "तुमाले जिना चढताना दम लागते."

"गिअरवाली," मी म्हटलं.

यावर तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली, जी मी मागितली नव्हती.

आमच्या कॉलनीत बातमी पसरवायला पेपर लागत नाही, पुंजाजी आहेत. पुंजाजी शेजारी राहतात, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी आयुष्यात सायकलीच्या वर काही चालवलं नाही, त्यामुळे गाड्यांबद्दल त्यांची मतं एकदम स्वच्छ आहेत. सकाळी सातला ते फाटकात हजर.

"लाल घेऊ नका भाऊ. लाल गाडीले बैल बुजते."

"पुंजाजी, अमरावतीत बैल कुठी राहिला आता?"

"गाडी काय अमरावतीतच ठेवता? नांदगाव खंडेश्वरले जासान ना कधी!"

त्यांच्या मागोमाग त्यांची बायको दुर्गाबाई. त्यांनी विचारलं, स्पोर्टला दारं किती असतात. मी म्हटलं, कधी दोन, कधी चार. "दोन असले तं मागच्या माणसानं उतराचं कसं? पुढच्याची मर्जी होयेपर्यंत बसूनच राहाचं का?"

पण सगळ्यांचा खरा प्रश्न वेगळा होता. आजकाल कोणी गिअरवाली घेते का? काहून गिअरच पाहिजे? मी कोणाला कंट्रोल सांगायचो, कोणाला मायलेज, कोणाला चिखलदऱ्याचा घाट. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. साठीला टेकलेल्या, पाटबंधारे खात्यातून सन्मानानं निवृत्त झालेल्या माणसानं चारचौघांत कसं म्हणावं, की बाबा रे, तिथं माझ्या बायकोचा हात असतो? गिअर गेला की ती बाजूला नुसती बसेल, पाहुण्यासारखी. मला ते नको होतं. एवढीच गोष्ट होती, पण ती बोलायला आमच्याकडे शब्द नाहीत. आमच्याकडे त्याऐवजी मायलेज म्हणतात.

शोरूममध्ये श्रावण नावाचा टाय लावलेला पोरगा भेटला. मध्यभागी लाल गाडी उभी, बसकी, मागं पंखासारखं काहीतरी, दारावर चांदीच्या अक्षरात 'स्पोर्ट'. माझं मन एकदम पंचवीस वर्षांचं झालं. गुडघे तेवढे मागं राहिले.

"हिचा गिअर दाखव," मी म्हटलं.

"काकाजी, हिच्यात गिअर नाही येत."

"म्हणजे संपले का? मंग कधी येतीन?"

"येतच नाही जी. कंपनीनं बंद केले. साध्या मॉडेलले गिअर आहे. स्पोर्टले नाही, स्पोर्ट ऑटोमॅटिक."

साध्या गाडीला गिअर आणि स्पोर्टला नाही? म्हणजे पैलवान आखाड्यात उतरणार आणि लंगोट दुसऱ्यानं बांधून द्यायचा! मी तसं म्हटलंही. श्रावण अदबीनं हसला. त्यांना तसं शिकवलेलं असतं.

"काहून बंद केले पण?"

"कोणी घेतच नाही काकाजी. आन् इथलंच नाही, विदेशातल्या मोठ्या मोठ्या स्पोर्ट्स कार पाहा, त्याईचेबी गिअर चालले. मशीन माणसापेक्षा फास्ट बदलवते."

साधना तोवर शोरूमच्या गुबगुबीत खुर्चीवर पर्स धरून बसली होती. "किती फास्ट?" तिनं विचारलं.

"काकू, पापणी लवाच्या आधी."

"आन् भांडण झालं असलं तरी बदलवते?"

श्रावण ब्रोशर चाळू लागला. त्यात ते नसावं.

मग तो म्हणाला, एकदा चालवून तर पाहा, लायसन द्या. मी ऐटीत लायसन दिलं. त्यानं ते उलटंपालटं केलं आणि आवाज खाली आणला. "काकाजी, हे तं संपलं. दोन वर्षं झाले."

माझ्या इभ्रतीचं काय झालं ते सोडा. साधना खुर्चीतून उठली. "आता ग माय! म्हणजे येवढे दिवस आपुन दोघंबी बिनालायसनचे फिरून राहिलो होतो?"

पुण्याला आमची मुलगी प्रियदर्शनी, म्हणजे आमची प्रियू, नोकरी करते. तिला फोन गेला. "बाबा, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या तारखा तपासल्या ना?" एवढंच ती म्हणाली, पण पुण्याच्या आवाजात म्हणाली. मी फोन साधनाकडे दिला.

लायसनचा घोळ निस्तरेपर्यंत पुंजाजींनी मोबाइलवर एक जाहिरात शोधून काढली. अकोल्यात एक स्पोर्ट्स कार विकायला आहे. जुनी आहे, पण अस्सल, विदेशी, दोन दारी, आणि गिअरवाली! आम्ही एसटीनं गेलो, कारण आता आमच्यात कायदा शिरला होता. पुंजाजी तपासणी करायला सोबत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

मालक सहदेवजी, म्हातारे गृहस्थ, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात राहत. कापसाच्या रिकाम्या शेडमध्ये त्यांनी ताडपत्री ओढली आणि मी पाहतच राहिलो. गाडी गुडघ्याएवढी उंच. "बसा," म्हणाले. बसलो म्हणजे पडलोच. साधना पदर सावरत पलीकडून पडली. पुंजाजींना मागं घडी घालून ठेवलं.

किल्ली फिरवली. मी क्लच दाबला, आणि साधनाचा हात, न सांगता, न विचारता, त्या आखूड दांड्यावर गेला. खट्. असा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. पहिला, दुसरा, तिसरा, आवारात गोल गोल, कडुलिंबाला वळसा घालून, "दाबा", खट्, "दाबा", खट्! साधना हसत होती. प्रियू झाली तेव्हा दवाखान्यात ती अशी हसली होती, त्यानंतर मी विसरलोच होतो की हिला असं हसता येतं. मला इतकं बरं वाटलं की मी गाडी सरळ फाटकाबाहेर काढली.

फाटकात गतिरोधक होता. आपल्याकडचे गतिरोधक ट्रकला अद्दल घडवायला बांधलेले असतात. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली, आणि गाडी मधोमध पोटावर बसली. ना पुढं, ना मागं. समोरच्या दालमिलमधले हमाल धावत आले. मागून पुंजाजी त्यांना सूचना देत होते. "डावीकडून उचला! आधी उजवी बाजू!"

"मास्तर, तुमी उतरा ना अगोदर, वजन होऊन राहिलं," एकजण म्हणाला.

"उतरता आलं असतं तं उतरलो नसतो का बाप्पा?"

शेवटी त्यांनी गाडी आम्हा तिघांसकट उचलली. लग्नात नवरदेवाला उचलतात तशी उचलली, फक्त इथं वाजंत्री नव्हती. मी मान खाली घालून सहदेवजींना म्हटलं, माफ करा, पण मला गाडी पसंत आहे. बोला.

"विकाची नाही," ते म्हणाले.

"मंग जाहिरात?"

"पाहाले कोणी येत नाही ना भाऊ. पोरगा म्हणते विका, आता हिचे पार्टबी भेटत नाही. मंग मी जाहिरात देतो. तुमच्यासारखं एखादं येते, गिअर टाकून पाहते, चार गोष्टी होते. मंग मी नाही म्हणतो." आणि त्यांनी आम्हाला कपभर चहा पाजला. निघताना साधनाला म्हणाले, "वहिनी, गिअर लय साजरा टाकता तुमी."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून मधूनच एकटी हसत होती. पुंजाजी लोणीपर्यंत पाठ चोळत होते.

आता लायसन. मुदत संपून एवढा काळ गेला म्हणून पुन्हा परीक्षा. अर्ज ऑनलाइन. तो प्रियू पुण्यातून भरत होती, ओटीपी माझ्या फोनवर येत होता, फोन साधनाच्या पर्समध्ये होता आणि पर्स दुर्गाबाईंच्या घरी राहिली होती. दुर्गाबाई ओटीपी ओरडून सांगायच्या तोवर तो मरायचा. कॉलनीतल्या सगळ्यांना माझे ओटीपी पाठ झाले, पण अखेर अर्ज गेला.

परीक्षेला मी आमची म्हातारी पांढरी गाडी घेऊन गेलो. साधना आणि पुंजाजी कठड्याबाहेर उभे. परीक्षा घ्यायला गीतांजली मॅडम, प्रियूच्या वयाच्या. त्या येऊन डाव्या सीटवर बसल्या. साधनाच्या जागेवर. तेव्हाच मला जरा कसंतरी झालं, पण अर्थ समजला नाही.

आमच्या गाडीचा हँडब्रेक ढिला, म्हणून आम्ही ती नेहमी पहिल्या गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाखाली दगड लावतो. त्यामुळे सुरुवात झकास झाली. गाडी निघाली. इंजिन ओरडायला लागलं. मी क्लच दाबला आणि वाट पाहिली.

काही झालं नाही.

मी आणखी जोरात दाबला. गाडी गडगडत चालली, वळण जवळ आलं, आणि माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "टाक ना वो!"

"काय टाकू?" मॅडम म्हणाल्या.

कठड्यावरून साधना ओरडली, "दुसरा! दुसरा!" पुंजाजी ओरडले, "ब्रेक!" मी ऐकलं पुंजाजींचं, जे आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, आणि गाडी वळणाच्या चढावर थांबली, ब्रेक सुटताच हळूच मागं येऊ लागली.

"काका, त्या बाई कोण?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम," मी म्हटलं, "तो माझा डावा हात आहे."

तोवर साधना खिडकीशी पोचली होती. तिनं मनापासून विचारलं, "मॅडम, दोघाईच्या नावानं एक लायसन नाही भेटत का? घर भेटते. बँकेचं खातं भेटते."

मॅडमना हसू आवरेना. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण नापास ते नापास. वर म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी ऑटोमॅटिक घेऊन या. तुमच्यासाठी तेच बरं." चाळीस वर्षांचा चालक मी! घरी येऊन मी चहा घेतला नाही.

मग माझं शिक्षण सुरू झालं. रोज सकाळी मैदानावर, साधना मास्तरीण. ती आपला उजवा हात मांडीखाली दाबून बसायची. तरी दोनदा तो निसटलाच. इंजिन ओरडलं की तो आपोआप उठायचा आणि ती त्याला डाव्या हातानं धरायची. माझा हात दांड्यावर जायचा, अंदाज चुकायचा, आणि कर्र्र असा आवाज निघायचा की क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून पाहायची. तिच्या हातून असा आवाज कधी निघाला नव्हता. शेवटी मी तिसऱ्यापर्यंत नीट टाकायला शिकलो. त्या दिवशी ती म्हणाली, "जमलं तुमाले." मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. तिलाही झालेला दिसला नाही.

तेवढ्यात प्रियूचा फोन. तिनं परस्पर लाल गाडी बुक करून टाकली होती. "बाबा, तुम्हाला स्पोर्टच हवी होती ना? आणि आईला किती दिवस गिअर टाकायला लावणार आहात? तिला जरा आरामात बसू द्या की." पोरीचं मन किती चांगलं! तिला काय सांगणार? मी म्हटलं, बरं झालं. साधना म्हणाली, "मले काय, कोणतीबी चालते."

लाल गाडी आली. परीक्षा मी तिच्यावरच दिली आणि पास झालो. मला काहीच करावं लागलं नाही. दुर्गाबाई चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन आल्या, साधनानं त्यांचं सरबत केलं. आमच्या घरी लिंबाचा उपयोग तेवढाच. पुंजाजी आत बसले, पायाशी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दोनच पायडल? ही तं स्कुटी आहे वो!" पण गाडी पळायची, खोटं कशाला बोलू? पायाचा अंगठा दाबला की अमरावती मागं.

पहिल्याच रविवारी अकोल्याला निघालो. मी स्टिअरिंगवर, साधना बाजूला, पर्स मांडीवर. एसी गार, गाणं मंद. सगळं ठीक होतं. बडनेऱ्याच्या पुलाचा चढ आला, इंजिनाचा सूर जरा बदलला, आणि तिचा हात उठला. तिच्याही नकळत उठला. पुढं-मागं जायला या गाडीलाही एक दांडा असतोच, तिनं तो धरला आणि ओढला.

इंजिन भुंकल्यासारखं ओरडलं, गाडीतला जोर निघून गेला, मागून ट्रकनं लांबलचक हॉर्न मारला. गाडी टीं टीं करून आमच्यावर चिडली, समोर इंग्रजीत लाल अक्षरं आली. मी घाबरलो होतो. घाबरलेला माणूस जे बोलतो ते मी बोललो.

"हात लावत नको जाऊ त्याले! तुह्या कामाचं नाही ते!"

तिनं हात काढून घेतला. दोन्ही हातांनी पर्स धरली.

लोणी आली आणि गेली. "दाबा" कोण म्हणणार? दाबायला काही नव्हतंच. मूर्तिजापूरला मीच म्हटलं, चहा घेऊ. तिनं चहा घेतला, कप ठेवला, आणि गाडीकडे येऊन मागचं दार उघडलं.

"मागं काहून?"

"मागं ऐसपैस आहे."

अकोल्यापर्यंत मला ती आरशात अर्धी दिसली. येतानाही ती मागंच बसली. रस्त्यावरचे लोक मला ड्रायव्हर समजले असतील. समजोत. मला वाईट वाटलं ते त्याचं नाही.

त्यानंतर आमच्या घरी असा अबोला पडला की तसा कधी पडला नव्हता. भांडणं आम्ही याहून मोठी केली आहेत, पण तेव्हा मध्ये गिअर होता. चूक माझीच आहे, हे मला बडनेऱ्याच्या पुलावरच समजलं होतं. पण माफी कशी मागतात ते आम्ही दोघं कधी शिकलोच नाही, आमचं काम खट् आवाजावर भागायचं. मी दोनदा म्हटलं, चल अकोल्याला जाऊन येऊ. ती म्हणाली, "तुमी जा. गाडी तं आपोआप चालते."

आणि एका सकाळी जुनी गाडी न्यायला माणूस आला. भंगारात काढायची होती, कागदपत्रं झाली होती. त्यानं आपल्या टोइंगच्या गाडीला दोर बांधला, ओढलं, आणि आमची पांढरी जागची हलेना. चाकं घासत नुसती कुरकुरली.

पुंजाजी कुंपणावरून म्हणाले, "दगड काढा अगोदर!" दगड काढला. तरी हलेना.

"साहेब, गिअरमधी आहे. न्यूट्रल करा," तो माणूस म्हणाला.

पहिल्या गिअरमध्येच होती, नेहमीसारखी. मी आत जाऊन बसलो. सीटचा तोच वास. पायाखाली तोच गंजका पत्रा आणि त्यातून दिसणारी आमची फरशी. डाव्या हातानं दांडा ओढायचा, एवढंच काम. मैदानावर मी ते शिकलो होतो, मला येत होतं. मी क्लच दाबला आणि बसून राहिलो.

"झालं का साहेब?"



साधना ओट्यावर मेथी निवडत बसली होती. माझ्याकडे पाहत नव्हती. पुंजाजी म्हणाले, "खांदा पुन्हा धरला का भाऊ?" त्यांच्या बोलण्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. तिनं मान वर केली. मेथीची जुडी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले, अंगणातून आली, आणि डावं दार उघडून आपल्या जागेवर बसली. ते दार नीट लागत नाही, जरा उचलून ओढावं लागतं. तिनं उचलून ओढलं.

समोर पाहतच म्हणाली, "दाबा."

"दाबलाच आहे."

तिनं दांड्यावर हात ठेवला. नुसता न्यूट्रल करायचा होता, पण तिनं दुसरा टाकला. मग तिसरा. मग चौथा. गाडी बंद, दोर बांधलेला, आणि आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे पाहत बसलेलो. पाचव्याला ती जरा थांबली. पाचवा आम्ही मूर्तिजापूरच्या पुढं, रस्ता मोकळा मिळाला की टाकायचो. तिनं तो टाकला.

"लय ओरडलो ना तुह्यावर त्या दिवशी?" मी म्हटलं.

"ओरडले," ती म्हणाली.

मग तिनं दांडा हळूच मध्ये आणला, उगाच डावीउजवीकडे हलवून पाहिला, मोकळा झाला याची खात्री केली. बाहेरून माणूस पुन्हा ओरडला, झालं का? ती म्हणाली, "झालं." पण हात तिनं काढला नाही, म्हणून मी माझा डावा हात त्यावर ठेवला. इतक्या वर्षांत त्या दांड्यावर आमचे दोन हात एकदम कधी आले नव्हते.

"सोडा आता," थोड्या वेळानं ती म्हणाली. "त्याले दोर ओढाचा आहे."

मी क्लच तसाच दाबून बसलो होतो.